कमी बजेटचे भयपट उस्तादांकडून नेमकं काय उचलतात?

रीळघर
यूट्यूबवरचे नवे मराठी-हिंदी भय-लघुपट बघताना एक गोष्ट सारखी खटकते. जुन्या उस्तादांची चित्रं उचलली जातात, पण ती चित्रं ज्या अडचणीतून जन्मली ती अडचण कुणी बघत नाही. लाल दिवा लावला, जिन्यावर बाहुली बसवली, दार करकरलं, की झाला भयपट. जुन्या लोकांकडे पैसे नव्हते म्हणून त्यांनी ज्या युक्त्या काढल्या, खरी उचलण्यासारखी गोष्ट तीच आहे असं माझं ठाम मत आहे.

निर्माता व्हॅल ल्यूटनचंच बघा. १९४२ मध्ये हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओनं त्याला भयपटांचा विभाग दिला तो तीन अटींवर: प्रत्येक चित्रपट दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि नाव स्टुडिओ ठरवणार. पहिलं नाव हाती आलं ते 'कॅट पीपल', बाईचा बिबट्या होतो अशी गोष्ट. त्यानं आणि दिग्दर्शक जाक तुर्नरनं ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'चा उभा असलेला जिना वापरला आणि जनावर जवळजवळ दाखवलंच नाही. स्टुडिओनं बिबट्या दिसलाच पाहिजे असा हट्ट धरला, तेव्हा तोही सावलीत ठेवला.

तर जाणकारांनी लिहा: कुणाची कुठली युक्ती, ती चालते कशी, आणि कमी पैशात करताना नेमकी कुठे फसते?

ध्वनिवेडा
सुरुवात 'कॅट पीपल'मधल्या बसनंच करू. या युक्तीला आजही ल्यूटनची बस म्हणतात आणि निम्मे भयपट तिच्यावर जगतात, पण बहुतेक जण तिचं शेवटचं सेकंदच उचलतात.

मूळ रचना अशी आहे. रात्री बागेच्या भिंतीकडेनं एक बाई चालतेय, मागून दुसरी. दोघींच्या टाचांचे आवाज वेगवेगळे. पार्श्वसंगीत अजिबात नाही. मग मागच्या पावलांचा आवाज थांबतो. धोका वाढलाय तो इथे. आता मागचीला पावलंच नाहीत, म्हणजे ती माणूस राहिलेली नाही, हे प्रेक्षक स्वतःच जुळवतो. पुढची घाबरून वळते, भिंतीवरच्या फांद्यांकडे बघते, आणि जिकडे कुणाचं लक्ष नाही त्या बाजूनं बस फस्सकन ब्रेक मारत चौकटीत घुसते. हवेच्या ब्रेकचा तो आवाज आधी श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा वाटतो, मग बस दिसते.

कमी बजेटवाले यातलं काय घेतात? फक्त धडाम. तेही लायब्ररीतला तयार धडाम, संवादाच्या दुप्पट आवाजात. तो फसतो, कारण त्याच्या आधी शांतता तयार केलेली नसते. करून बघायचं तर:

वातावरणाचा आवाज (रातकिडे, पंखा, लांबची वाहनं) २०-३० सेकंदांत इतका हळूहळू खाली आणा की कमी होतोय हे जाणवू नये. एकदम बंद केलात तर प्रेक्षक लगेच सावध होतो. त्या काळात एकच जवळचा आवाज ठेवा: चप्पल, बांगडी, श्वास. शेवटचा आवाज दृश्यातल्या खऱ्या वस्तूचा हवा, संगीताचा नको. आपल्याकडे एसटीचा ब्रेक आहेच, शिवाय प्रेशर कुकरची शिट्टी, शटर पडणं, पाण्याच्या पंपाचं एकदम सुरू होणं. आणि तो आवाज पात्र बघतंय त्याच्या उलट बाजूनं आला पाहिजे.

अमावस्या
+१. त्याच चित्रपटातलं पोहण्याच्या तलावाचं दृश्य तर शून्य खर्चात करता येतं. भिंतीवर हलणाऱ्या पाण्याच्या उजेडात जी सावली फिरते, ती तुर्नरच्या मुठीची होती.

घरी करायला एक मोठी परात घ्या. तळाशी आरशाचे तुकडे, वर बोटाच्या एका पेराएवढं पाणी. एकच कडक दिवा तिरपा परातीवर मारा आणि पाणी बोटानं जरासं हलवा. छत आणि भिंत नाचायला लागते. दिव्यासमोर काच किंवा कापड लावलंत की उजेड मऊ होतो आणि सगळं मरतं, म्हणून दिवा उघडाच हवा. दिवा आणि वायर पाण्यापासून लांब आणि स्टँड पक्का, इतकी काळजी घ्यायची.

तिरपा कोन
रीळघर, मूळ मुद्द्याला थोडा विरोध. 'चित्र उचलू नका, युक्ती उचला' हे ऐकायला बरं वाटतं, पण चित्र उचलूनही मोठं काम झालंय. 'हॅलोवीन' (१९७८) घ्या. खर्च तीन-सव्वातीन लाख डॉलर, चित्रीकरण साधारण २० दिवस. जॉन कार्पेंटरनं हिचकॉककडून उघड उघड घेतलं: डॉक्टरचं लूमिस हे नाव 'सायको'तून, नायिका म्हणून 'सायको'तल्या जॅनेट लीची मुलगी जेमी ली कर्टिस, आणि शांत घरातला सुरा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सवरचं त्याचं प्रेम तर जाहीर आहे. 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' (१९७६) म्हणजे हॉक्सच्या 'रिओ ब्राव्हो' या वेस्टर्नचा वेढा शहरात आणलेला, आणि त्याच्या संकलनाला त्यानं नाव लावलं जॉन टी. चान्स, म्हणजे 'रिओ ब्राव्हो'तल्या जॉन वेनच्या पात्राचं.

संकलक
तिरपा कोन, तुमचं उदाहरण रीळघर यांचीच बाजू घेतंय. 'हॅलोवीन' आठवतो तो नावांमुळे नाही. हिचकॉकचं तत्त्व त्यात आहे: संकट प्रेक्षकाला आधी दाखवा, पात्राला नंतर. मुखवटेवाला चौकटीच्या कडेला उभा आहे हे आपल्याला दिसतं, पोरीला नाही. त्यासाठीच कार्पेंटरनं तुटपुंज्या पैशातून पॅनाव्हिजनची रुंद चौकट घेतली, कारण रुंद चौकटीत रिकामी जागा मिळते आणि रिकाम्या जागेची भीती वाटते. मुखवटा मात्र दोन डॉलरच्या आतला: 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा तयार मुखवटा, भुवया नि कल्ले काढलेले, डोळ्यांची भोकं मोठी केलेली, वरून पांढरा रंग.

आता नुसतं चित्र उचलण्याचं उदाहरण. इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाच्या 'अ बे ऑफ ब्लड' (१९७१) मधले दोन खून 'फ्रायडे द थर्टीन्थ भाग २' (१९८१) मध्ये जवळजवळ जसेच्या तसे आहेत: एकाच भाल्यानं जोडपं, आणि चेहऱ्यावर कोयता. बावाकडे प्रत्येक खुनामागे जमिनीचा लोभ आहे, एक मारेकरी पुढच्याचा बळी होतो आणि साखळी आवळत जाते. नकलेत साखळी गेली, कोयता राहिला. संकलनाच्या टेबलावर हा फरक लगेच कळतो: खून मागेपुढे हलवून बघा. काहीच बिघडलं नाही तर तिथे कथा नव्हतीच.

तिरपा कोन
खून हलवून बघायची कसोटी पटली. 'हॅलोवीन'चं उदाहरण मात्र सोडत नाही. नावं उचलणारा माणूस तत्त्वापर्यंत पोचला तो त्या प्रेमापोटीच.

निळा कंदील
बावाचं नाव निघालंच आहे तर सविस्तर लिहितो. दिग्दर्शक होण्याआधी तो छायालेखक होता, आणि 'ब्लड अँड ब्लॅक लेस' (१९६४) मध्ये त्यानं पोरांच्या खेळण्यातल्या गाडीवर कॅमेरा ठेवून ट्रॉली शॉट घेतले. 'प्लॅनेट ऑफ द व्हँपायर्स' (१९६५) मधला अख्खा ग्रह म्हणजे स्टुडिओत उरलेले प्लॅस्टिकचे दोन खडक, आरसे आणि भरपूर धूर. रंगीत धूर घातला कारण दाखवायला सेटच नव्हता.

आपले लोक त्याचा रंग उचलतात आणि तीन ठिकाणी हमखास चुकतात.

एक, गडद लाल किंवा निळा जिलेटिन (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावला की उजेडाचा फार मोठा भाग गिळला जातो. ५० वॉटच्या एलईडीवर गडद निळा लावून पूर्ण खोली उजळेल ही आशा सोडा. दिवा जवळ आणा किंवा चौकट लहान करा. हॅलोजनवर साधा स्टेशनरीतला जिलेटिन पेपर अजिबात नको, तो वितळतो. उष्णता सोसणारा, नाटकवाले वापरतात तो घ्या आणि दिव्यापासून वीतभर लांब क्लिपनं अडकवा.

दोन, डिजिटल कॅमेऱ्यात शुद्ध लाल उजेडात एकच चॅनल, म्हणजे लाल रंगाचा भाग, भरून वाहतो. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, कारण तो तिन्ही मिळून दाखवतो, आणि चेहरा मात्र सपाट लाल गोळा होतो, फोकस गेल्यासारखा. लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख लावा आणि एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडावर, घ्या. डोळ्यांवर अगदी मंद पांढरा उजेड ठेवा, चेहरा परत जिवंत होतो.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: बावाच्या चौकटीत काळोख जास्त आणि रंग कमी असतो. एक रंग माणसावर, दुसरा त्याच्या मागच्या भिंतीवर, मध्ये काळं. सगळीकडे जांभळं फासलं की लग्नाचा हॉल होतो.

आणि धूर. धूर समोरून उजळला की पांढरा पडदा दिसतो, मागून उजळला की खोली खोल होते. शॉटमागून शॉट दाटपणा सारखा राहत नाही, म्हणून सोडल्यावर पंख्यानं पसरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबून मगच घ्या. बंद खोलीत कोरडा बर्फ वापरू नका, कार्बन डायऑक्साइड खाली साचतो आणि जमिनीवर झोपलेल्या नटाच्या जिवाशी खेळ होतो.

पिंपळपान
बावा एकाच शॉटमध्ये, कट न मारता चेहरा म्हातारा करायचा ते कसं? कुणी नीट समजावेल का?

निळा कंदील
पिंपळपान, 'इ व्हँपिरी' (१९५७) मधलं ते. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा, छायालेखन बावाचं. युक्ती त्याचीही नाही. कार्ल स्ट्रसनं ती १९३१ च्या 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड'मध्ये वापरली होती. उस्तादही उचलत होतेच.

तत्त्व सोपं आहे. सुरकुत्या लाल रंगानं काढायच्या. लाल उजेडात त्वचाही उजळ, लाल रेघाही उजळ, म्हणून रेघा दिसत नाहीत. उजेड लालवरून हिरव्या-निळ्यावर नेला की लाल रेघा तो शोषतात आणि काळ्या पडतात. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे उजेडाचा रंग बदलला हे कुणालाच कळत नाही.

आज याला दिवेही लागत नाहीत. पांढऱ्या उजेडात चित्रित करा, संकलनात चॅनल मिक्सर लावा आणि कृष्णधवल चित्र आधी १००% लाल चॅनलवर ठेवून सहा-आठ सेकंदांत १००% हिरव्यावर न्या. चेहरा तुमच्यासमोर म्हातारा होतो. दोन सावधगिऱ्या: हिरव्यात त्वचाही गडद होते, म्हणून एकूण उजळपणा सोबत थोडा वाढवत न्या. आणि मोबाइलच्या दाबलेल्या फाइलमध्ये लाल चॅनल चौकोनी तुकड्यांचा दिसतो, जमलं तर १० बिट आणि ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये घ्या.

दिवे वापरूनच करायचं असेल तर व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक करा. शिवाय नुसतं सॅच्युरेशन शून्य केलंत तर हिरव्याचं वजन सुमारे ७२%, लालचं २१%, निळ्याचं ७% धरलं जातं, त्यामुळे लालवरून हिरव्यावर जाताना चित्र एकदम उजळतं आणि चोरी पकडली जाते. हिरवा दिवा त्या प्रमाणात मंद ठेवायचा.

मुरूडकर
इतका वेळ रामसे बंधूंचं नाव कसं नाही आलं? कमी पैशातला भयपट म्हटल्यावर भारतात पहिलं घर तेच. सात भाऊ आणि कामं वाटलेली: कुमार लेखन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, केशूचाही हात. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात राहून तिथेच चित्रित केला. सेट नाही, रोजचा प्रवास नाही, युनिट सगळं एका छपराखाली. हीच ब्रिटनच्या हॅमर कंपनीची पद्धत: टेम्सकाठच्या ब्रे इथल्या वाड्यात स्टुडिओ आणि एकच सेट रंग बदलून चार चित्रपटांत. 'द प्लेग ऑफ द झाँबीज' आणि 'द रेप्टाइल' (दोन्ही १९६६) एकाच गावाच्या सेटवर पाठोपाठ काढलेत, शेजारी ठेवून बघा.

रामसेंनी हॅमरचं तळघर, शवपेटी, धुकं घेतलं, पण क्रूसाच्या जागी त्रिशूळ आणि ॐ आणला आणि सरंजामी वाड्याचा शाप आपल्या ठाकूर घराण्यावर बसवला. 'पुराना मंदिर' (१९८४) म्हणून खेड्यापाड्यांतल्या टुरिंग टॉकीजपर्यंत पोचला. उलट 'महाकाल'मध्ये 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चे पात्यांचे पंजे थेट उचलले, आणि ते परके वाटतात. पंजा आला, पण मूळ चित्रपटातला आईबापांनी दडवलेला गुन्हा त्या वजनानं आला नाही.

कलम
हॅमरवरून एक महत्त्वाचं. 'द कर्स ऑफ फ्रँकन्स्टाइन' (१९५७) करताना कादंबरी सगळ्यांना खुली होती, पण चपटं डोकं नि मानेतले खिळे ही रंगभूषा युनिव्हर्सल स्टुडिओची होती आणि ते हक्क सोडायला तयार नव्हते. मग फिल लीकीनं फाटक्या-शिवलेल्या कातडीचा वेगळा चेहरा बनवला. मनाईमुळे नवं काही निघालं.

उलटं उदाहरण 'नोस्फेरातू' (१९२२). 'ड्रॅक्युला'ची नावं बदलली, परवानगी घेतली नाही, लेखकाच्या पत्नीनं दावा लावला आणि १९२५ मध्ये न्यायालयानं प्रती नष्ट करायचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज चित्रपट आहे.

आपल्याकडे आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स (१९७८) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. त्यामुळे मागून पावलं थांबण्याची युक्ती कुणीही वापरावी. दुसऱ्याचं संगीत, ध्वनीचा तुकडा, मुखवट्याची हुबेहूब रचना घेतली की अडचण. यूट्यूबवर व्हिडिओ अडकतात ते बहुतेक संगीतामुळेच.

अमावस्या
दिग्दर्शक सॅम रायमी राहिला! 'द ईव्हिल डेड' (१९८१) मधला जंगलातून धावणारा अदृश्य आत्मा म्हणजे लाकडी फळीच्या मधोमध बांधलेला कॅमेरा आणि दोन टोकं धरून धावणारे दोघं. स्टेडिकॅम (अंगावर बांधून कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) परवडत नव्हता. फळी लांब असल्यानं हातांची थरथर मधे येईपर्यंत कमी होते, पण पूर्ण जात नाही, आणि तो उरलेला हेलकावाच आत्म्याची चाल होतो.

आजचे लोक गिंबल (कॅमेरा आपोआप स्थिर ठेवणारी मूठ) लावतात आणि शॉट गुळगुळीत होऊन हॉटेलच्या जाहिरातीसारखा दिसतो. गिंबल ठेवून द्या. दोनेक मीटरची फळी, मध्यभागी कॅमेरा घट्ट, वाइड लेन्स, उंची जमिनीपासून गुडघ्याच्या खाली. जमीन जितकी जवळ तितका वेग जास्त वाटतो. मोबाइल असेल तर आतलं स्टॅबिलायझेशन बंद, नाहीतर कडा जेलीसारख्या थरथरतात. वाट आधी चालून दगड-मुळं काढा, धावणाऱ्या दोघांची नजर पडद्यावर नसते.

तिरपा कोन
थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. वेस क्रेवननं 'द हिल्स हॅव आइज'मध्ये 'जॉज'चं फाटलेलं पोस्टर दाखवलं. रायमीनं 'द ईव्हिल डेड'च्या तळघरात 'हिल्स'चं फाटलेलं पोस्टर लावलं. क्रेवननं 'एल्म स्ट्रीट'मध्ये नायिकेला टीव्हीवर 'ईव्हिल डेड' बघायला लावला, आणि रायमीनं 'ईव्हिल डेड २'मध्ये 'एल्म स्ट्रीट'च्या खुनी फ्रेडीचा पंजा टांगला. उचलेगिरीचा इतका प्रेमळ पत्रव्यवहार दुसऱ्या कुठल्या प्रकारात नसेल.

पिंपळपान
रक्ताचं प्रमाण कुणी देईल का? बाजारातलं सरबतासारखं दिसतं.

रंगपेटी
परदेशी कृती कॉर्न सिरपवर असतात. आपल्याकडे केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतो, तो घ्या. एक वाटी ग्लुकोजला पाव वाटी कोमट पाणी, एक चमचा लाल खाद्यरंग, चार-पाच थेंब पिवळा, चिमूटभर कोको आणि अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून. कोकोनं गुलाबी झाक जाते, कॉर्नफ्लोअरनं पारदर्शकपणा जातो. कॅमेऱ्यासमोर पांढऱ्या कापडावर आणि त्वचेवर दोन्ही ठिकाणी बघा, निळ्या उजेडात तेच रक्त काळं दिसतं.

फसतं कुठे? सुकलं की चिकट होतं, पापण्या चिकटतात, म्हणून डोळ्यांजवळ नको. मुंग्या येतात. रंग त्वचेवर एक-दोन दिवस राहतो, तेव्हा आधी पातळ व्हॅसलीन. कपड्यावरचं निघावं म्हणून काही जण भांड्याच्या साबणाचे थेंब घालतात, ते रक्त तोंडात द्यायचं नाही, त्याची बाटली वेगळी ठेवून नाव लिहा. कृष्णधवल असेल तर चॉकलेट सिरप पुरे, 'सायको'तही तेच आणि 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) मध्येही तेच.

संकलक
मराठीतलं एक नाव घ्यायलाच हवं: 'झपाटलेला' (१९९३). बाहुल्यात खुन्याचा आत्मा ही कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) मधली. तिथे यंत्रांनी हलणारे बाहुले होते, इथे रामदास पाध्यांची बोलकी बाहुली. त्यामुळे तात्या विंचूचं हसणं-बोलणं जवळच्या शॉटमध्ये अप्रतिम आहे, कारण शब्दभ्रमाच्या बाहुलीची सगळी ताकद जबडा, मान आणि नजर यांत असते. पूर्ण अंगानं चालताना दाखवायचं म्हटलं की अडचण. बाहुली चालवायची असेल तर ती चालते ते दाखवू नका: आधी खुर्चीत, मग पात्राचा चेहरा, मग खुर्ची रिकामी. हे पुन्हा ल्यूटनच.

रीळघर
सगळ्यांचे मनापासून आभार, मागितलं त्याहून जास्त मिळालं. मूळ प्रश्नाकडे येतो. समजा एका खोलीत, दोन नट, दोन दिवे, एका रात्रीत काम करायचंय. कुणाची युक्ती पहिली घ्याल?

ध्वनिवेडा
रॉबर्ट वाइज. तो ल्यूटनकडेच दिग्दर्शक झाला, आणि 'द हाँटिंग' (१९६३) मध्ये भूत एकदाही दाखवलं नाही. दारावर धक्के, मग दारच आत फुगतं. पातळ थरांच्या लाकडाचं दार आणि मागून ढकलणारा माणूस, बस्स.

निळा कंदील
अनुमोदन. हे दार आपल्याकडे सहज होतं. चौकटीत खऱ्या दाराऐवजी तीन-चार मिलिमीटरचा प्लाय, कडा सैल, फक्त वरखाली दोन-दोन खिळे. मागून हातानं नको, पंजाचा आकार उठतो. गादीचं कापड गुंडाळलेल्या लाकडी ओंडक्यानं मध्यावर सावकाश दाब द्यायचा. दिवा समोर ठेवलात तर फुगवटा दिसणारच नाही. एकच दिवा दाराच्या बिजागरीकडून, जवळजवळ भिंतीला चिकटून, म्हणजे प्लाय दोन इंच पुढे आला तरी त्याची सावली हातभर सरकते.

ध्वनिवेडा
आणि माइक दाराच्या मागच्या बाजूला, प्लायपासून वीतभरावर. कोरडा प्लाय वाकताना बारीक कडकडतो. तो आवाज जपा, दाबायला लागल्यावर कुणी बोलू नका, आणि दोन जास्तीचे प्लाय आणून ठेवा, तिसऱ्या-चौथ्या दाबाला तडा जातोच.